बाबांसाठी स्लीपिंग बॅग

४ नोव्हेंबर

दादा,

इतक्या दिवसांनी पत्र आलंय म्हणजे बारकीनं काहीतरी काम काढलं असणार, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. फोन केला असता, पण तुझा उजवा कान कारखान्यातल्या पंख्यांनी खाल्ल्यापासून आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे मी एक विचारायचं आणि तू भलतंच सांगायचं. शिवाय आमचा फोन मी सध्या काढून ठेवलाय. बाबांना त्याची घंटी सहन होत नाही.

काम असं की बाबांना कॅम्पला जायचंय. गेले कित्येक महिने दुसरा विषय नाही. त्यांची जुनी खाकी स्लीपिंग बॅग माळ्यावरून काढली, तर आतल्या पिसांचे गोळे होऊन सगळे पायाशी बसलेत. वरच्या अंगाला नुसतं कापड. ती घालून थंडीत झोपणं म्हणजे उशीचा अभ्रा पांघरण्यासारखं. तू आयुष्यभर ह्या पिशव्याच भरत आलास, तेव्हा तूच सांग कुठली घ्यावी. थंडी साधारण शून्याच्या आसपास, कधी दोन-तीन अंश खाली. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचे पाय लवकर गार पडतात.

दोन प्रश्न तुला वेडगळ वाटतील. ती घरच्या घरी धुता येते का? आणि आतल्या माणसाला स्वतःची स्वतः उघडता येते का?

माझं ठीक. प्रयोगशाळेतून सध्या रजेवर आहे. शहराचं पाणी माझ्याशिवायही तपासलं जातंय म्हणे, आणि अजून कोणी आजारी पडलेलं नाही.

तुझी,
बारकी


११ नोव्हेंबर

बारके,

तुझं पत्र मी भरणीच्या खोलीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचा मामा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हिवाळी कॅम्पला निघालाय म्हटल्यावर शिलाईवाल्या बाईंनी मशीन थांबवलं. त्यांचा नवरा साठीतच जिना चढायला कुरकुर करतो.

आता नीट वाच. दुकानात गेलीस तर पिशवीवर छापलेल्या आकड्याला भुलू नकोस. खरं म्हणजे आकडे दोन असतात. एक, ज्या थंडीत माणूस निवांत झोपतो तो. दुसरा, ज्या थंडीत माणूस कुडकुडत का होईना, सकाळपर्यंत तग धरतो तो. दुकानदार दुसराच ठळक करून दाखवतो. आपण पहिला बघायचा, आणि म्हाताऱ्या माणसासाठी त्याच्याही खाली पाच-सात अंश जायचं. म्हणजे तुझ्या थंडीला उणे दहाची निवांत पिशवी हवी. गरम झालं तर चेन उघडता येते. गार पडलं तर मात्र तिथे कोणाकडे मागणार?

पिसं की कृत्रिम भरण, हा पुढचा प्रश्न. पिसं हलकी, उबदार आणि वर्षानुवर्षं टिकणारी, पण ओली झाली की लगदा. कृत्रिम भरण जड आणि फुगीर, पण भिजलं तरी थोडीफार ऊब देतं, आणि बादलीत टाकून धुता येतं. पिसांची पिशवी धुणं म्हणजे तीन दिवसांचं काम. पण मामांसारख्या टापटिपीच्या माणसाला मोसमभर धुवायची वेळ का येईल? शाळेच्या कॅम्पात आम्हाला तर ते बूट तंबूच्या बाहेर ओळीत लावायला लावायचे आणि मग झोपायला परवानगी द्यायचे.

आणि खाली चांगली जाड मॅट घे. निम्मी थंडी जमिनीतून येते. माणसाच्या वजनानं पाठीखालचं भरण चेपतं, मग ते काही कामाचं उरत नाही. लोक पिशवीसाठी चार दुकानं हिंडतात आणि मॅट विसरतात.

आतून उघडता येते का म्हणजे काय? पिशवी आहे ती, तिजोरी नाही. दर हिवाळ्यात आमच्या नव्या पिशव्या मी स्वतः डोंगरावर नेऊन, त्यांत झोपून बघतो, म्हणून इतकं छातीठोकपणे सांगतोय.

पण विकत घेऊच नकोस. मी करून पाठवतो. मामांची उंची, छातीचं माप, आणि ते पाठीवर झोपतात की कुशीवर, तेवढं कळव. कुठे जाताय, बरोबर कोण आहे, पिशवी वाहून कोण नेणार, तेही लिही. मामांनी स्वतः दोन ओळी लिहिल्या तर मला आवडेल. आग्रह नाही.

तुझा,
दादा


२० नोव्हेंबर

दादा,

मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. टेप घेऊन उभी राहिले तेव्हा बाबांनी शिंप्याकडे गेल्यासारखे दोन्ही हात पसरले आणि मी दोनदा सांगेपर्यंत खाली घेतले नाहीत. उंची दोन बोटं कमी झालीय. ते पाठीवर झोपतात, पण फार वेळ नाही. सारखे उठतात.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. दोन आकड्यांचा मुद्दा त्यांनी परत वाचायला लावला. मग मान हलवून म्हणाले, "लिहिणाऱ्याला कळतंय."

मी म्हटलं, "पिसांची घ्यायची की दुसरी?"

"पिसांचीच. दुसरी घेतली तर मी येणार नाही."

तेव्हा पिसांची. धुण्याचं मी बघून घेईन, आत घालायला एक सुती खोळ शिवते. वजनाची चिंता नको, वाहून न्यायची नाहीये. जागा लांब नाही. उघड्यावर आहे, पण वर छप्पर आहे आणि दोन बाजूंनी वारा येतो. बरोबर मीच असेन. दुसरं कोणी नाही.

तू विचारलं नाहीस तरी लिहिते. माझी रजा पंधरा जानेवारीला संपते. साहेबांनी दोनदा वाढवून दिली, आता तिसऱ्यांदा देणार नाहीत. त्या आधी हा कॅम्प व्हायला हवा.

जमेल तितक्या लवकर पाठव. उद्या पाठवलीस तरी मला उशीर झाल्यासारखं वाटेल.

बारकी


२८ नोव्हेंबर

बारके,

पार्सल आजच टाकलंय, हे पत्र त्याच्या आतच आहे.

तुला पत्रात न लिहिलेली एक गोष्ट आज लिहितो. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या शेवटच्या कॅम्पला मी मुलांची तुकडी घेऊन चुकीच्या वाटेनं उतरलो होतो. चार तास सगळे धुक्यात बसून होतो. खाली आल्यावर मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याच्या मागून मी पुन्हा एकही पोर पाठवणार नाही." त्यानंतर मी तुमच्याकडे जेवायला आलोय, लग्नकार्यात भेटलोय, पण त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवलेला नाही. म्हणून "लिहिणाऱ्याला कळतंय" हे वाचलं तेव्हा मी डबा तसाच ठेवून अंगणात एक फेरी मारून आलो. भूगोलाच्या मास्तरांनी नऊ वर्षांनी पेपर परत तपासला आणि पास केलं असं वाटलं.

पिशवी मी स्वतः भरलीय. आडवे कप्पे लहान ठेवलेत, म्हणजे पिसं पायाशी घसरणार नाहीत. पायाकडे निमुळती आहे आणि अंगासरशी बसते. आत मोकळी जागा जास्त असली की तेवढी हवा तापवायला शरीराला मेहनत पडते, आणि त्या वयात ती मेहनत परवडत नाही. पायाशी दुप्पट भरण आहे. डोक्याला टोपडं आहे, नाडी ओढली की फक्त नाक-डोळे बाहेर.

चेनबद्दल दोन सूचना. चेनच्या आतून एक पातळ पट्टी जाते, वारा अडवायला. चेन ओढताना ती बोटानं बाजूला धर, नाहीतर दातांत अडकते. अडकली तर ओढाताण करू नकोस, हळूच मागे घे. दुसरी गोष्ट, चेनच्या वरच्या टोकाला गळ्याशी बाहेरून एक टिचबटण आहे. झोपेत चेन आपोआप उघडू नये म्हणून ते असतं. ते लावलं की आतल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. तू उघडण्याचं विचारलं होतंस म्हणून लिहितो, मामांसाठी ते लावू नकोस. लावूच नकोस.

परत आलात की मामा काय म्हणाले ते सविस्तर लिही. वाईट म्हणाले असतील तरी.

दादा


१९ डिसेंबर

दादा,

तुझी पिशवी मी कापली. शिवणाच्या कात्रीनं, गळ्यापासून पोटापर्यंत. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात उचलेल.

आम्ही कुठेही जाणार नव्हतो. बाबांना विसरण्याचा आजार आहे, दीड वर्ष झालं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांना सगळं नीट कळत होतं. दवाखान्याच्या जिन्यात थांबून त्यांनी माझ्याकडून दोन वचनं घेतली. हे कोणाला कळू द्यायचं नाही, तुला तर नाहीच. आणि मला कुठे नेऊन ठेवायचं नाही. मी दोन्हीला हो म्हणाले. जिन्यात उभं राहून माणूस दुसरं काय म्हणणार?

एप्रिलमध्ये ते घरातून निघून गेले. दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या वीटभट्टीजवळ सापडले. पाठीवर सॅक, सॅकमध्ये एक उशी आणि माझी चप्पल. तेव्हापासून दाराला आतून कुलूप असतं आणि किल्ली माझ्या गळ्यात. त्या कुलुपाच्या आत मीही असते, हे लक्षात यायला मला थोडे दिवस लागले. वाणी सामान उंबऱ्याशी ठेवून जातो, तोच माझी पत्रं टाकतो. तुझी पिशवी येईपर्यंत मी दवाखाना सोडून कुठे गेले नव्हते. आंघोळीला दार उघडं ठेवते. रोज दुपारी तीनला बाबा सॅक भरून दाराशी उभे राहतात, "चल, बस निघेल." मी म्हणते उद्या. ते दहा मिनिटांनी परत येतात. कधी रडतात, कधी दारावर डोकं आपटतात. एकदा माझं मनगट असं पिरगाळलं की पंधरा दिवस मला कणीक मळता आली नाही.

म्हणून मला वाटलं, कॅम्प घरातच करावा. छप्पर आणि दोन बाजूंनी वारा म्हणजे आमची गॅलरी. शून्याची थंडी तेवढी बाबांच्या जुन्या कॅम्पमधली.

दादा, पिशवी आली आणि आमच्या घरात आठ-दहा दिवस सुख होतं. तीन वाजले की मी गॅलरीत मॅट पसरायची, बाबा आपणहून पिशवीत शिरायचे, नाडी स्वतः ओढायचे, न दिसणाऱ्या मुलांना चार सूचना द्यायचे आणि दोन तास शांत पडून राहायचे. मी दार लावून आंघोळ केली. एक अख्खं वर्तमानपत्र वाचलं, हवामानासकट.

मग मला हाव सुटली. एका दुपारी ते झोपल्यावर मी टिचबटण लावलं, बाहेरून कुलूप घातलं आणि खाली उतरले. दहा मिनिटं नुसती रस्त्यानं चालले. काही घेतलं नाही, कोणाशी बोलले नाही. वर आले तर बाबा तसेच झोपलेले. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं. सहाव्या दिवशी मी प्रयोगशाळेपर्यंत गेले. समोरच्या फुटपाथवरून खिडकीतून माझं स्टूल दिसतं. त्यावर कोणाचा तरी कोट होता. मी किती वेळ बघत उभी होते, सांगता येत नाही.

परत आले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच बाबांचा आवाज ऐकू आला. शब्द नव्हते. खालच्या मजल्यावरची शिक्षिका आमच्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, "अर्धा तास झाला. मला वाटलं, तुम्ही आत आहात आणि काही करत नाही आहात."

ते पिशवीसकट लोळत कठड्यापाशी गेले होते. पिशवीला पीळ पडलेला, टोपडं वाकडं होऊन तोंडावर आलेलं, एकच डोळा दिसत होता. घामानं सगळं भिजलं होतं. टिचबटण काढलं, पण चेनमध्ये ती पट्टी बसली होती. हळूच मागे घे असं तू लिहिलं होतंस. मला हळूच काही करता येईना. कात्री आणली. हात सुटल्यावर त्यांनी पहिला फटका माझ्या तोंडावर मारला, आणि त्या झटक्यानं पिसं उडाली. वारा होता. सगळी गॅलरी पांढरी झाली.

बाबा एकदम थांबले. वर बघत म्हणाले, "बर्फ पडायला लागलं. मुलांना आत घे."

मी म्हटलं, "सगळी आत आहेत."

"मोजलीस?"

"मोजली."

मग ते भिंतीला टेकून बसले आणि तळहातावर पिसं झेलत राहिले. मी त्यांच्या शेजारी बसू शकले नाही. दारातच उभी राहिले.

बटण चुकून लावलं असं तू समजू नयेस म्हणून हे लिहिलं. मी तुझी सूचना वाचली होती आणि लावलं. आणि "लिहिणाऱ्याला कळतंय" हे ते खरंच म्हणाले, पण लिहिणारा कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं तरी कळलं नसतं. ते मी तुला कळवायला नको होतं, किंवा सगळंच कळवायला हवं होतं.

राजीनामा लिहून ठेवलाय.

बारकी


२३ डिसेंबर

पत्र मिळालं.

टिचबटण लावू नकोस, हे मी दोनदा लिहिलं होतं. कुत्र्याला सुद्धा कोणी असं बांधून जात नाही. माझ्या हातची पिशवी होती ती.



दादा


२६ डिसेंबर

बारके,

तेवीस तारखेचं पत्र फाडून टाक. मी ते टपालपेटीत टाकलं आणि पेटीसमोर उभा राहिलो, पण आत हात घालून ते काढता येत नाही.

तू खरं लिहिलंस, तर मीही लिहितो. दर हिवाळ्यात डोंगरावर जातो, हे मी तुला खोटं सांगितलं. त्या शेवटच्या कॅम्पनंतर मी डोंगर चढलेलो नाही. आमच्या कारखान्यात एक थंड खोली आहे, मोठ्या फ्रिजसारखी, उणे वीसपर्यंत जाते. नऊ वर्षं मी त्या खोलीत झोपून पिशव्या तपासतो. कडी बाहेरून, आणि आत एक बटण, दाबलं की बाहेर दिवा लागतो. मागच्या वर्षी एकदा दिवा बंद पडला होता आणि बाहेरचा माणूस जेवायला गेला होता. चाळीस मिनिटं. माझ्या अंगावर उणे पंधराची पिशवी होती, मला थंडीची काहीच भीती नव्हती. तरी मी आईला हाका मारल्या. साठीला आलेला माणूस. बाहेर आल्यावर कोणाला सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी परत आत गेलो.

तेव्हा मामा कसे ओरडले असतील ते मला माहीत आहे, म्हणून माझं डोकं फिरलं. पण तुझ्या जागी मी असतो तर आठवा महिना उजाडलाच नसता. आठव्या दिवशीच बटण लावून मोकळा झालो असतो.

मी तीन तारखेला येतोय. माझी रजा साचून साचून दही झालीय, पूर्ण महिना मिळाला. घंटी वाजवणार नाही, टकटक करीन. पंधराला तू कामावर जा आणि स्टुलावरून तो कोट उचल. राजीनामा तसाच राहू दे, मी आलो की चहा गाळताना त्याचं काय करायचं ते बघू.

मामांनी मला ओळखलं नाही तर नाही ओळखलं. ओळखत होते तेव्हा तरी कुठे जवळ केलं होतं?

दादा


५ फेब्रुवारी

बारके,

सुखरूप पोचलो. पोचल्यावर चौदा तास झोपलो. एका महिन्यात माझी ही अवस्था झाली, तू आठ महिने कशी उभी होतीस, ते मला विचारायचीही लाज वाटते.

कारखान्यात सगळे मामांची चौकशी करतात. मी सांगतो, त्यांनी मला महिनाभर बसचा ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं. शिलाईवाल्या बाई हसल्या. मीही हसलो. पण तीन वाजता ते दाराशी येऊन "ड्रायव्हर, गाडी काढा" म्हणायचे, आणि रोज मी "टायर बसलाय मास्तर" असं सांगायचो, तेव्हा त्यांचा चेहरा जसा पडायचा तो इथेही समोर येतो.

मामांजवळ थांबायला ठेवलेल्या दिवसाच्या बाई कितपत टिकतील, शंका आहे. दोन दिवस त्यांच्याबरोबर होतो, मामा त्यांच्या अंगावर धावून गेले तेव्हा त्या पर्स घेऊनच जिन्यात उभ्या राहिल्या.

टेकडीच्या रस्त्यावरचं ते म्हाताऱ्यांचं घर आपण दोघांनी बघितलं. बाहेर पडल्यावर तू थेट बसस्टॉपकडे चालत सुटलीस. जिन्यातलं वचन आठवलं असणार, म्हणून मीही विषय काढला नाही.

मग मला सुचलं ते असं. माझी नोकरीची दोन वर्षं उरलीत, ती सोडतो आणि तुझ्याकडे येऊन राहतो. दिवसा मी, बाकी तू. माझं इथे कोण अडलंय? विचार करून लिही. फार विचार करू नकोस.

दादा


२ मार्च

दादा,

उत्तराला महिना लावला. तू येऊन राहतो म्हणालास ते पत्र मी बरेच दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत काढून वाचायची. तुला हो म्हणणं किती सोपं होतं, हे तुला कळायचं नाही.

पण नको येऊस. एकाच्या जागी दोघं कोंडून घेतले म्हणून घर मोठं होत नाही. आणि तू तुझ्या त्या थंड खोलीतून निघून थेट आमच्या कुलपात यावंस, हे मला बघवलं नसतं.

दिवसाच्या बाई दहा तारखेला काम सोडून गेल्या. बाबांनी गॅस उघडा ठेवला आणि त्यांना स्वयंपाकघरात शिरू देईनात. त्या म्हणाल्या, "ताई, माझ्या घरची पण दोन माणसं माझ्यावर अवलंबून आहेत." मी त्यांना दोष दिला नाही. त्या दिवशी मी टेकडीवरच्या घरी जाऊन जागा आहे का विचारलं.

वीस तारखेला बाबांना नेलं. वचन मोडलं. त्याला दुसरं नाव देता येतं का, हे मी तिथे जाताना बसमध्ये शोधत होते. मिळालं नाही. बाबा खिडकीशी बसले होते आणि खूश होते. अखेर गाडी निघाली होती ना. उतरल्यावर ओळीनं लावलेल्या दहा खाटा बघून त्यांनी विचारलं, "सगळे पोचले का?" मुख्य परिचारिका म्हणाल्या, "तुमचीच वाट बघत होते." मला वाटलं, झालं, सोपं होतं हे. पण मी फाटकाबाहेर पडले आणि त्यांना कळलं. फाटकाचे गज धरून ते मला हाका मारत होते, माझ्या नावानं. दादा, त्यांनी माझं नाव सहा महिन्यांत घेतलं नव्हतं.

परिचारिकांनी आठवडाभर येऊ नका म्हणून सांगितलं. तो आठवडा कसा काढला ते लिहीत नाही. घरी दार सताड उघडं ठेवता येतं, तरी मी आत बसून राहायची. तीन वाजले की प्रयोगशाळेत हातातली नळी तशीच धरून राहते. शेजारचा सहकारी समजुतीनं ती काढून घेतो. मोकळं वाटतं का, असं तू विचारशील. मला अजून कळत नाही. विचारलंस तर रागावणार मात्र नाही.

काल रविवारी पहिल्यांदा भेटायला गेले. बाबा अंगणात होते, दाढी केलेली, स्वेटर नीट. चौघांना समोर बसवून ते जमीन कोरडी आहे की ओली हे हातानं कसं ओळखायचं ते सांगत होते. चौघांपैकी दोघं झोपले होते, एक आजी मन लावून ऐकत होत्या. मी बाकाच्या टोकाला बसले. मला त्यांनी ओळखलं नाही. पण उपऱ्यासारखंही वागवलं नाही, हातानं जागा करून दिली.

तास संपल्यावर ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही नवीन?"

"हो," मी म्हटलं.

"मुक्काम आहे की परत जायचंय?"

"परत जायचंय."

"बरोबर कोणी आहे?"

"नाही. एकटीच आहे."

त्यांनी आकाशाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. तू आणि मी लहान असताना निघण्याआधी बघायचे तसं, बराच वेळ. मग म्हणाले, "मग आता निघा. इथलं आम्ही बघतो. अंधाराआधी खाली पोचलेलं बरं."

मी थोडा वेळ बसून राहिले. त्यांनी पुन्हा म्हटलं, "निघा तुम्ही."

मी "बरं" म्हटलं आणि निघाले.

तुझी,
बारकी